करीना ते स्व-परिचयपत्र : नोकरीच्या अर्जाचा ऐतिहासिक मागोवा (नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

नोकरीसाठी अर्ज करणारी व्यक्ती स्वतःविषयी जे लिहिते, त्यातून त्या काळातील समाज माणसाची पात्रता कशावरून ठरवीत होता हे समजते. प्रस्तुत लेखात मराठा काळातील करीना, कंपनी सरकारच्या काळातील उमेदवारी व शिफारस, विद्यापीठीय पदवी, सेवायोजन कार्यालयातील नोंदणी आणि आजचे स्व-परिचयपत्र, म्हणजेच रेझ्युमे, या टप्प्यांचा मागोवा घेतला आहे. ‘तू कोणाचा?’ आणि ‘तुला काय येते?’ या दोन प्रश्नांतील ताण या सर्व टप्प्यांत दिसून येतो. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री देण्याचा मोठा सराव होतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याकडून लिहिलेच जात नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : करीना, महजर, उमेदवारी, वंशावळ, जात पडताळणी, बायोडेटा, स्व-परिचयपत्र, नंदुरबार.

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी अशा सहा तालुक्यांचा नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आले. ‘मी कोण’ हे सिद्ध करणाऱ्या कागदांशी या जिल्ह्याचा संबंध असा विशेष आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे कागदपत्रांची एक जाडजूड फाईल असते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रके यांनी ती भरलेली असते. खाजगी क्षेत्रातील नोकरीसाठी त्याच विद्यार्थ्याला एक पान रेझ्युमे लिहावयास सांगितले, तर नाव, पत्ता, जन्मतारीख व परीक्षांचे टक्के लिहून झाल्यावर पान कोरे राहते. याचे कारण केवळ इंग्रजीच्या अभावात किंवा आत्मविश्वासाच्या उणिवेत शोधणे अपुरे आहे. त्यामागे एक दीर्घ इतिहास आहे.

उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील नोकरीविषयक आत्मपरिचयाच्या लेखनाचे ऐतिहासिक टप्पे तपासणे.
२) नंदुरबार परिसरातील श्रमिक समाजाचा कामाच्या लेखी नोंदींशी असलेला संबंध समजून घेणे.
३) या विवेचनाच्या आधारे प्रभावी रेझ्युमेची सूत्रे मांडणे.

१. करीना आणि महजर

मराठा काळात वतन हे उपजीविकेचे व प्रतिष्ठेचे प्रमुख साधन होते. वतनाविषयी तंटा उत्पन्न झाला म्हणजे प्रत्येक पक्ष आपली लेखी हकीकत सादर करी. तिला करीना म्हणत. मूळ पुरुष कोण, वतन कसे मिळाले, पूर्वजांनी कोणती सेवा केली, कोणत्या प्रसंगी जीव धोक्यात घातला, हे सर्व त्यात क्रमाने येई. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना हे याचे सुपरिचित उदाहरण होय. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ मध्ये, कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची साथ केली, हा प्रसंग इतिहासाच्या वाचकांना त्यामुळेच ज्ञात आहे. जेधे शकावली व जेधे करीना आज शिवकालाची महत्त्वाची साधने मानली जातात. परंतु करीन्याच्या मुळाशी ‘आमची सेवा ही अशी, म्हणून आमचा हक्क’ हीच मांडणी आहे.

करीना कितीही प्रभावी असला तरी केवळ त्यावर निर्णय होत नसे. गोतसभा साक्षी घेई आणि निर्णयाचा महजर तयार होई. अक्षरओळख नसलेले साक्षीदार नावापुढे आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. शेतकऱ्याची नांगर, तर दुकानदाराची तराजू. नाव लिहिता न येणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या कामाच्या अवजाराने नोंदविण्याची ही पद्धत लक्षणीय आहे. तथापि, या व्यवस्थेत सेवेचा वृत्तान्त लिहिण्याचा मान मुख्यतः वतनदारांचा होता. वतन नसलेल्याला करीना लिहिण्याचे कारणच नव्हते.

२. उमेदवार, शिफारस आणि चिठ्ठी

अर्ज, शिफारस, दाखला, सनद, वशिला, उमेदवार हे नोकरीशी निगडित बहुतेक शब्द फार्सी-अरबीतून, राज्यकारभाराच्या भाषेमार्फत मराठीत आले. त्यांपैकी ‘उमेदवार’ हा शब्द विशेष बोलका आहे. त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. कचेरीत जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी काम शिकत राहणे म्हणजे ‘उमेदवारी करणे’ होय. हा वाक्प्रचार आजही टिकून आहे. उमेदवाराचे काम वरिष्ठ प्रत्यक्ष पाहत असल्याने त्याला स्वतःविषयी लिहिण्याची गरज नसे. मात्र कचेरीत प्रवेश मिळण्यासाठी ओळख लागे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरी काम करणारे नोकर जुन्या मालकाने दिलेली चिठ्ठी जपून ठेवीत व नव्या मालकाला दाखवीत. त्या चिठ्ठीतही नोकराच्या गुणांचे वर्णन मालकच करी.

विलायतेतील स्थितीही फारशी वेगळी नव्हती. कंपनीच्या मुलकी सेवेतील नेमणुका संचालकांच्या मर्जीने होत. १८५३ च्या सनदी कायद्याने ही पद्धत मोडली आणि १८५५ मध्ये लंडन येथे पहिली स्पर्धा परीक्षा झाली. ओळखीऐवजी परीक्षा हे तत्त्व कागदावर मान्य झाले. परंतु परीक्षा लंडनला असल्याने भारतीयांना ते दीर्घकाळ दुर्लभ राहिले.

३. खानदेशातील भिल्ल कोअर : कागदाविना नोकरी

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांचा प्रतिकार केवळ लष्करी बळाने मोडत नाही, हे लक्षात आल्यावर १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रम याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल कोअर उभारण्यास प्रारंभ केला. भिल्लांमध्ये राहून, त्यांच्यासोबत शिकार करून त्याने विश्वास संपादन केला व त्यांतून भरती केली. रोख पगारावरील संघटित सरकारी नोकरीचा खानदेशातील भिल्लांचा हा पहिला मोठा अनुभव होय.

या भरतीत अर्ज नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. जंगलाची माहिती, माग काढण्याचे कौशल्य आणि काटकपणा हीच पात्रता होती व ती प्रत्यक्ष पाहून ठरविली जाई. एका अर्थाने ही कौशल्याधारित निवड होती. परंतु या कौशल्यांचे वर्णन उपलब्ध आहे ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत व चरित्रांत. शिपायाने स्वतःच्या सेवेविषयी काही लिहून ठेवल्याचे दिसत नाही. जेधे घराण्याला करीना होता. भिल्ल शिपायाच्या वाट्याला हजेरीपटावरील नाव आले.

पुढील काळातही हेच चित्र राहिले. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात सालदारकीची प्रथा रूढ होती. वर्षभराच्या मजुरीचा करार तोंडी होई, त्यात उचल असे व हिशेब मालकाच्या वहीत राही. सालदारकी व मजुरीतील अन्यायाविरुद्ध, तसेच गेलेल्या जमिनींसाठी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शहादा येथे अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांच्या पुढाकाराने जे आंदोलन उभे राहिले, त्यामागे ‘वही कोणाच्या हाती’ हाही प्रश्न होता. दक्षिण गुजरातेतील ऊसतोडीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरातही उचल व हजेरी मुकादमाच्या वहीत असते. शिपाई, सालदार व ऊसतोड कामगार या तिघांनी केलेल्या कामाची नोंद झाली खरी, परंतु ती नेहमी दुसऱ्याच्या हाताने झाली. या पार्श्वभूमीवर अशा कुटुंबातील पदवीधराचा रेझ्युमे हा बहुधा त्या घरातील पहिला असा दस्तऐवज ठरतो, ज्यात कामाविषयी काम करणारा स्वतः लिहितो.

४. पदवीचा उदय आणि तिची मर्यादा

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. यापुढे नावामागील परीक्षेचे नाव ही नोकरीची मुख्य किल्ली ठरली. परंतु शिक्षणच मूठभरांच्या हाती असल्याने पदवीची अट समान दिसली तरी तिचा परिणाम समान नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाची मागणी करताना सरकारी नोकऱ्यांतील ब्राह्मणांच्या मक्तेदारीकडे लक्ष वेधले. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला, तो याच विषमतेवरील उपाय होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण पदवीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दर्शविते. कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे राहण्यास जागा मिळेना आणि कचेरीत अस्पृश्यतेची वागणूक मिळाली. अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ‘तुला काय येते?’ या प्रश्नाचे त्या काळातील सर्वोत्तम उत्तर जवळ असूनही ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न बडोद्यात त्यांच्या आड आला.

५. नोंदणी, पडताळणी आणि वंशावळ

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा उभी राहिली व पुढे ती सर्व नागरिकांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने रिक्त पदे या कार्यालयांना कळविणे आस्थापनांवर बंधनकारक झाले. पुढील तीन-चार दशके ग्रामीण सुशिक्षिताच्या दृष्टीने नोकरी शोधणे म्हणजे नोंदणी करणे, नूतनीकरण करणे आणि ‘कॉल’ची वाट पाहणे असे समीकरण झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वेश्वर राव प्रकरणात केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर न थांबता जाहिरातही द्यावी असे सांगितले. तथापि, नोंदणी कार्डावर पात्रतेच्या रकान्यापलीकडे उमेदवाराने स्वतःविषयी काही लिहिण्यास वाव नव्हता.

याच काळात राखीव पदांवरील बनावट दाव्यांचा प्रश्न गंभीर झाला. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली आणि महाराष्ट्राने त्यासाठी २००१ चा अधिनियम क्रमांक २३ अमलात आणला. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष मोल असते. आजोबा-पणजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरमधील उतारा, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूची नोंद, क्वचित मोडीतील जुना कागद यांचा शोध सुरू होतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर हा शोध अधिकच कठीण होतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आप्तभाव चाचणी ही दाव्याची एकमेव कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले.

ही पडताळणी आवश्यक आहे, कारण बनावट दाव्याने खऱ्या आदिवासी उमेदवाराचीच जागा जाते. प्रस्तुत लेखाचा मुद्दा वेगळा आहे. विसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थ्याने स्वतःविषयी जे काही परिश्रमपूर्वक सिद्ध केलेले असते, ते वंशावळीचे असते. करीन्यातील अर्धा भाग, म्हणजे मूळ पुरुषापासूनची परंपरा, त्याच्या फाईलमध्ये परतलेला असतो. सेवेचा अर्धा भाग मात्र अनुपस्थित असतो.

६. बायोडेटा : विवाहाचा आणि नोकरीचा

मराठी घरांत ‘बायोडेटा’ हा शब्द नोकरीइतकाच विवाहासाठी वापरला जातो. वडिलांचे नाव, जात, धर्म, उंची, जन्मवेळ, भावंडे, मामाचे गाव असा त्याचा साचा असतो. विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या बायोडेटातही वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती हे तपशील प्रारंभी येतात आणि शेवटी ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ असे शपथपत्राच्या भाषेतील वाक्य येते. म्हणजे विवाहाचा साचा व तहसील कचेरीचा साचा यांच्या मिश्रणातून नोकरीचा बायोडेटा तयार झाला आहे. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. त्याने पाहिलेले नमुने हेच आहेत.

खाजगी क्षेत्रात या तपशिलांची किंमत मोजावी लागू शकते. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता समान असूनही उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या व मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखतींतून दाखविले की, गुणवत्तेचा पुरस्कार करणारे हेच व्यवस्थापक उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात. ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न आधुनिक कार्यालयातही संपलेला नाही. चांगला रेझ्युमे हा भेदभाव नष्ट करू शकत नाही, हे मान्य करावे लागेल; परंतु न विचारता जात-धर्म लिहून तो भेदभावाला निमंत्रणही देऊ नये.

७. प्रभावी रेझ्युमेची सूत्रे

जगातील पहिला रेझ्युमे म्हणून लिओनार्दो दा विंची याच्या पत्राचा नेहमी उल्लेख होतो. १४८० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा यास उद्देशून ते लिहिले. वयाच्या तिशीत असलेल्या या चित्रकाराने त्यात चित्रकलेचा उल्लेख सर्वांत शेवटी केला. आधी हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा, आच्छादित रथ यांविषयी क्रमवार मुद्दे मांडले, कारण सत्ताधीशाची निकड युद्धाची होती. शेवटी, शंका असल्यास प्रत्यक्ष करून दाखविण्याची तयारी दर्शविली. वंशावळ त्यात नाही. हे पत्र आणि उपरोक्त मराठी परंपरा यांतून पुढील सूत्रे निघतात.

पहिले सूत्र : पुराव्याची फाईल आणि कामाचा परिचय वेगळे ठेवावेत. शासकीय पदांसाठी विहित नमुना व प्रमाणपत्रे लागतातच. तेथे त्रुटी चालत नाही. खाजगी संस्था, बँका, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था यांच्यासाठीच्या रेझ्युमेत मात्र नाव, संपर्क, शिक्षण, काम व कौशल्ये पुरेशी आहेत. नवपदवीधरासाठी एक पान योग्य होय.

दुसरे सूत्र : समोरच्याची गरज प्रथम. जाहिरातीतील अपेक्षा वाचून त्यांच्याशी जुळणारे काम वर घ्यावे. एकच रेझ्युमे सर्वत्र पाठविणे म्हणजे एकाच किल्लीने सर्व कुलुपे उघडण्याचा प्रयत्न होय.

तिसरे सूत्र : विशेषणाऐवजी क्रियापद व आकडा. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे शब्द कोणीही लिहू शकतो. समजा, धडगाव तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने कुटुंबासोबत ऊसतोडीला जाऊन टोळीचा हिशेब ठेवला आहे. तो हे काम लपवितो, कारण त्याला ते ‘अनुभव’ वाटत नाही. तेच असे लिहिता येते : ‘तीन हंगाम वीस कोयत्यांच्या टोळीची दैनिक हजेरी व उचलीचा लेखी हिशेब ठेवला, हंगामाअखेर मुकादमाच्या वहीशी ताळा घेतला.’ पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला या एका वाक्यातून नोंद, गणित व जबाबदारी तिन्ही दिसतात. नंदुरबारच्या मिरची पथारीवर आवक व वजनाच्या नोंदी ठेवणाऱ्या विद्यार्थिनीलाही हेच लागू पडते.

चौथे सूत्र : मातृभाषेची नोंद. ‘ज्ञात भाषा’ या रकान्यात विद्यार्थी मराठी, हिंदी, इंग्रजी लिहितो आणि पावरी, भिली, मावची, अहिराणी वगळतो. सातपुड्यात काम करणाऱ्या आरोग्य, कृषी, बँकिंग वा शिक्षणविषयक संस्थेला नेमकी हीच भाषा जाणणारा माणूस हवा असतो. बोलता येते, समजते, लिहिता येते असे स्तर प्रामाणिकपणे नमूद करावेत.

पाचवे सूत्र : साक्ष टिकेल एवढेच लिहावे. करीन्यामागे महजर असे, त्याप्रमाणे रेझ्युमेमागे मुलाखत असते. न केलेले काम लिहिल्यास पहिल्याच प्रश्नात ते उघडे पडते. ज्यांनी आपले काम पाहिले आहे अशा दोन व्यक्तींची नावे त्यांच्या संमतीने तयार ठेवावीत.

निष्कर्ष

१) मराठी मुलखात सेवेचा लेखी वृत्तान्त देण्याची परंपरा जुनी आहे, मात्र ती वतनदार व पुढे शिक्षित वर्गापुरती मर्यादित राहिली.
२) नंदुरबार परिसरातील श्रमिकांच्या कामाची नोंद अधिकारी, मालक व मुकादम यांच्या हाती राहिल्याने स्वतःच्या कामाविषयी स्वतः लिहिण्याचा वारसा पुढील पिढीस मिळाला नाही.
३) पडताळणीची प्रक्रिया आवश्यक असली तरी ती वंशावळीपुरती आहे. कौशल्याच्या नोंदीची स्वतंत्र सवय महाविद्यालयानेच लावावयास हवी.
४) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात आलेले क्षेत्रीय प्रकल्प व कार्य-प्रशिक्षण यांचा उपयोग या नोंदीसाठी करता येईल. प्रथम वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने केलेल्या कामाची एक वही ठेवावी व वर्षातून एकदा विषयशिक्षकाने ती वाचून चर्चा करावी. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

समारोप

२०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीनंतर आपण प्राध्यापकांनीही स्वतःच्या कामाची गुणांत मांडणी करण्याचे तंत्र आत्मसात केले. व्याख्यान, परिषद, लेख यांतील काहीही नोंदीवाचून राहू नये याची दक्षता आपण घेतो. तीच दक्षता विद्यार्थ्याच्या वाट्याला यावी, एवढीच अपेक्षा आहे. रेझ्युमे लेखनाकडे रोजगार मार्गदर्शन कक्षाची एक दिवसाची कार्यशाळा म्हणून पाहिले जाते. ते वस्तुतः भाषा, इतिहास व वाणिज्य या तिन्ही विभागांचे काम आहे. ज्या घरातील श्रमाचा हिशेब दोनशे वर्षे दुसऱ्याच्या वहीत राहिला, त्या घरातील मुलाने वा मुलीने तो स्वतःच्या हस्ताक्षरात मांडणे ही नोकरीच्या दृष्टीने उपयुक्त गोष्ट आहेच. इतिहासाच्या अभ्यासकालाही ती तितकीच मोलाची वाटावी.